गेमिंग मदरबोर्ड घेताना आणि जोडताना या चुका टाळा

खोक्यावर 'गेमिंग' छापायला कंपनीला कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. काळा पीसीबी (सर्किटची पाटी), एखादं उग्र चित्र, चार ठिकाणी दिवे, झाला गेमिंग बोर्ड. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच ठेवून साध्या आणि महागड्या बोर्डावर एकच गेम चालवला, तर फ्रेमरेटमधला फरक बहुतेक वेळा नगण्य निघतो. बोर्ड स्वतः फ्रेम काढत नाही. तो बाकीच्या पार्ट्सना वीज आणि वाट देतो, आणि कुठेकुठे अडवतोही. तो नेमका कुठे अडवतो, हे पैसे मोजण्याआधी शोधून काढणं म्हणजेच बोर्ड पारखणं.

हे जाहिरातीच्या पानावर सापडत नाही, मॅन्युअलमध्ये सापडतं. मॅन्युअलची पीडीएफ कंपनीच्या साइटवरून कुणालाही फुकट उतरवता येते. ती खरेदीनंतर नाही, आधी वाचायची.

सॉकेट जुळला म्हणजे सगळं जुळलं, हा समज

सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) जुळणं ही फक्त सुरुवात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १२वी, १३वी आणि १४वी पिढी बसते, पण त्याच सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे आहेत, काही डीडीआर५चे. कित्येकदा मॉडेलचं नाव तेच असतं आणि शेवटी 'डी४' एवढाच फरक असतो. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम५वर आणि इंटेलच्या एलजीए १८५१वर हा घोळ नाही, तिथे डीडीआर५शिवाय पर्यायच नाही.

खरी मेख बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. एएमडीच्या बी६५० चिपसेटचे (प्रोसेसर आणि बाकीचे पार्ट्स जोडणाऱ्या चिपचे) बोर्ड २०२२मध्ये आले, रायझन ९००० प्रोसेसरची मालिका २०२४मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर व्यवस्थित बसतो, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. मग माणूस बोर्ड खराब म्हणून परत करायला निघतो. कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी असते. तिच्यात प्रोसेसरचं नाव आहे एवढं पाहून थांबू नका, त्याच ओळीत कुठल्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो तेही पाहा.

म्हणून बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचं) बटण असेल तर मी त्याला दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त गुण देतो. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच तो लावायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज बंद करायची नाही. ज्या बोर्डांवर ही सोय आहे, त्यातल्या बहुतेकांवर त्यासाठी प्रोसेसर बसवलेलाही लागत नाही.

फेज मोजून बोर्ड निवडणं

'१६+२+१ फेज' असं वाचलं की भारी वाटतं. प्रोसेसरला लागणारं व्होल्टेज तयार करणारा बोर्डाचा भाग म्हणजे व्हीआरएम, आणि हे काम वाटून घेणारे त्यातले गट म्हणजे फेज. पण खोक्यावरच्या आकड्यात बऱ्याचदा जोडीनं चालणारे फेज सुटेसुटे मोजलेले असतात. प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरची आहे आणि तिच्यावरचा हीटसिंक खरा आहे की नुसतं प्लास्टिकचं झाकण, हे जास्त महत्त्वाचं. बोर्डाचं वजन आणि हीटसिंकचे कापे बघितले तरी अंदाज येतो.

मात्र इथे उलटी चूकही तेवढीच होते. कोअर आय९-१४९००केची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे. त्याला मजबूत व्हीआरएम हवाच. रायझन ७ ७८००एक्स३डीचा टीडीपी (उष्णतेचं ठरवलेलं माप) १२० वॅट आहे आणि गेम खेळताना तो त्याच्या बराच खाली राहतो. त्याच्यासाठी सगळ्यात वरच्या चिपसेटचा बोर्ड घेणं म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे पैसे बोर्डात घालणं. मधल्या पातळीच्या बी मालिकेचा, नीट हीटसिंक असलेला बोर्ड त्याला पुरून उरतो.

चिपसेटच्या अक्षरांबद्दल थोडक्यात: इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायचा) तर झेड लागतो, बी७६०वर नावात के असलेला प्रोसेसर चालतो, पण त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. एएमडीमध्ये बी मालिकाही ओव्हरक्लॉकिंग करू देते, ए६२० देत नाही.

व्हीआरएम कमी पडतोय हे ओळखायचं कसं? गेम सुरू झाल्यावर थोडा वेळ सगळं छान चालतं, मग प्रोसेसरचा क्लॉक धाडकन पडतो आणि प्रोसेसरचं तापमान मात्र ठीक दिसतं. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएमचं तापमान आणि थ्रॉटलिंगची (आपोआप वेग घटवण्याची) ओळ बघा. केसमधली हवा सुधारून किंवा बायोसमध्ये पॉवर लिमिट थोडी खाली आणून बरेचदा निभावतं.

स्लॉट आहेत, लेन कुठे आहेत?

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात, आणि तिचा दोष त्यांना कमी, पॅकिंगवर लिहिणाऱ्यांना जास्त. बोर्डावर दोन लांब पीसीआयई स्लॉट दिसतात, पण अनेकदा दुसऱ्याची वायरिंग चारच लेनची (माहिती जाण्यायेण्याच्या वाटांची) असते आणि तीही चिपसेटमधून आलेली. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटातच लावायचं. खाली जागा मोकळी मिळते म्हणून दुसऱ्या स्लॉटात लावलेली कार्डं दिसतात, आणि मालक ड्रायव्हर बदलून थकलेला असतो.

एएम५ प्रोसेसरकडे २८ लेन असतात. त्यातल्या चार चिपसेटकडे जातात. उरलेल्या २४ मध्ये १६ ग्राफिक्स कार्डाच्या, आठ साठवणुकीच्या आणि बाकीच्या गरजांच्या. एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ असावंच लागतं, त्यालाही चार लेन लागतात. त्यामुळे त्यातल्या काही बोर्डांवर दुसरी एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) भरली की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. मॅन्युअलच्या तळटिपेत हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेसची ओळ बघितली की कार्ड किती लेनवर चालतंय ते कळतं. बघताना कार्डावर थोडा भार टाका, कारण निवांत असताना लिंकचा वेग आपोआप खाली येतो. पीसीआयई ४च्या आठ लेनवर तगड्या कार्डाचंही फारसं बिघडत नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. बिघडतं ते मुळातच कमी लेन असलेल्या कार्डांचं. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. जुन्या पीसीआयई ३ बोर्डावर ते कार्ड लावलं की काही गेम्समध्ये चांगलाच फटका बसतो.

दुसरी तक्रार: एम.२ स्लॉटात नवी एनव्हीएमई एसएसडी लावली आणि केबलवरची जुनी सॅटा डिस्क गायब झाली. डिस्क मेलेली नसते. बऱ्याच बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट आणि एकदोन सॅटा पोर्ट एकच वाट वापरतात, एम.२ भरला की ते पोर्ट बंद. केबल दुसऱ्या सॅटा पोर्टात लावा, डिस्क परत दिसेल.

रॅमच्या चार काड्या

चार स्लॉट आहेत म्हणून चार काड्या भरू नका. रायझन ७०००साठी एएमडीचा अधिकृत वेग (सेकंदाला मेगाट्रान्सफर) दोन काड्यांना ५२०० आणि चार डीडीआर५ काड्यांना फक्त ३६०० आहे. दोन मोठ्या काड्या घ्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा आणि बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) सुरू करा. ते सुरू केलं नाही तर ६०००ची रॅम ४८००वर किंवा तशाच मूळ वेगावर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिस्प्ले येत नाही

इथे घाईनं सगळं उपसून काढण्यापेक्षा क्रमानं जा. आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की बोर्डाला ते बघा. हसू येईल, पण मदतीसाठी येणारे निम्मे फोन इथेच संपतात. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला किंवा रायझन ५ ७५००एफला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीच येणार नाही.

मग बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्यावर गाडी अडली तो पेटून राहतो. एएम५वर पहिल्यांदा सुरू करताना डीरॅमचा दिवा पेटला तर लगेच बटण दाबू नका. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. दहापंधरा मिनिटं थांबा. त्यानंतरही हलला नाही तर एकच काडी प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटात ठेवून बघा.

सीपीयूचा दिवा असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनची केबल तपासा. ती ४+४ अशी फुटते. ग्राफिक्स कार्डाची ६+२. दोन्ही आठच पिनांच्या असल्या तरी एक दुसरीच्या जागी चालत नाही, जोर लावून बसवू नका. मॉड्युलर पॉवर सप्लाय बदलला असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. सप्लायच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि त्यात डिस्क जळतात.

तरीही सुरू होत नसेल तर बोर्ड केसमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिन आणि ८ पिन, एवढंच. प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बाहेर चालला आणि केसमध्ये मुका झाला, तर बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खांब) बघा. मोठ्या एटीएक्स मापाच्या बोर्डासाठी लावलेले स्टँडऑफ तसेच ठेवून छोटा मायक्रो एटीएक्स बोर्ड बसवला की एखादा स्टँडऑफ भोक नसलेल्या जागी मागून टेकतो आणि शॉर्ट होतो.

निम्मीच रॅम दिसत असेल तर कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेत का ते बघा. ते सैल करून तिरक्या जोड्यांनी सारखे आवळल्यावर हरवलेलं चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) परत आलेलं बघितलंय. तरी नाही आलं तर सॉकेटमधली पिन वाकली असण्याची शक्यता मोठी.

'चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका'

हा सल्ला जुना झाला. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारे बायोस आले. २०२४मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या अस्थिरतेवर ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोसमधूनच मिळाले. असा प्रोसेसर जुन्या बायोसवर चालवत राहणं म्हणजे त्याचं आयुष्य घटवणं. शिवाय विंडोज ११वर व्हॅलोरंटसारखे गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या सुरक्षेच्या सेटिंग) मागतात. बायोस अपडेटनंतर काही सेटिंग मूळपदावर येतात. गेम अचानक सुरू होईनासा झाला तर आधी तिथे बघा.

दिव्यांबद्दल एकच: ३ पिनची एआरजीबी (प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देणारी) पट्टी ५ व्होल्टची असते, ४ पिनचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा. चुकीच्या जागी ढकलली की पट्टी जळते.

आणि प्रोसेसर बसवण्याआधी, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण निघाल्यावर, पिनांचे दोनतीन स्पष्ट फोटो काढून ठेवा. झाकण खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते झाकण लागतं, आणि पिना आधीच वाकलेल्या होत्या की तुमच्या हातून वाकल्या हा वाद निघालाच, तर दाखवायला ते फोटोच असतात.