जर्मनीत पगारासह पदवी: आधी कंपनी, मग प्रवेश

जर्मनीतील ‘डुआलेस श्टुडियुम’ म्हणजे विद्यापीठीय शिक्षण आणि कंपनीतील सवेतन प्रशिक्षण यांची सांगड. तिची सुरुवात 1972 मध्ये श्टुटगार्टला झाली. बॉश, डाइम्लर-बेन्झ आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ या कंपन्यांच्या त्या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या परंपरेतून 2009 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचे दुहेरी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे साधारण तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनी असा क्रम तीन वर्षे चालतो व 210 क्रेडिटांची पदवी मिळते. पगार वर्गाच्या महिन्यांतही मिळतो.

आपल्याकडील विद्यार्थी नेमके येथे चुकतात: ते आधी विद्यापीठ शोधतात. या विद्यापीठात प्रवेशासाठी कंपनीशी झालेला करार लागतो, आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी अनेक मोठ्या कंपन्यांची भरती वर्षभर आधीच सुरू झालेली असते. त्यामुळे अर्ज नोकरीचा समजूनच लिहावा. ‘मला यंत्रांची आवड आहे’ या वाक्याने काहीच साधत नाही; ‘काकांच्या मळ्यातील पाण्याच्या मोटारीचे जळालेले वाइंडिंग मी दोन दिवस बसून नव्याने भरले’ हे वाक्य मात्र मुलाखतीत पहिला प्रश्न होऊन परत येते. त्याचे उत्तर जर्मनमध्येच द्यावे लागते. कार्यशाळेतील फोरमन इंग्रजीत समजावत बसणार नाही, म्हणून भाषेची तयारी युरोपीय भाषा-पातळ्यांपैकी (ए-1 ते सी-2) निदान बी-2, शक्यतो सी-1 पर्यंत न्यावी.

केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतात संबंधित शाखेचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास मार्ग बराच मोकळा होतो, तरी आपल्या प्रमाणपत्राला मान्यता आहे का, हे अर्जापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

करारातील पगाराचा आकडा हातात पडत नाही. आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी त्यातून वजा होते. कंपनी एका गावी आणि वर्ग दुसऱ्या गावी असतील, तर दोन भाड्यांचा हिशेब आधी मांडावा. सत्रान्त सुट्ट्या नसतात, नोकरदाराची वार्षिक रजा तेवढी मिळते. दिवाळीला घरी येण्याचा बेत त्यातूनच बसवावा लागतो. पदवीनंतर ठरावीक काळ त्याच कंपनीत राहण्याचे किंवा खर्च परत करण्याचे कलम काही करारांत असते, ते सहीपूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावे.