पावसात वाहून जाणारी टेकडीवरची पायवाट: माझा अनुभव

इंदूरजवळच्या टेकडीवर पायवाटेच्या मधोमध दर पावसाळ्यात चर पडायचा. कारण वाट उतारावर थेट खाली जाते, पाणीही तोच रस्ता धरतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात सुटते. नुसता मुरूम टाकू नका, तो वाहून जातो.

टिकले ते आडवे दगडी बांध. वाटेला काटकोनात नव्हे, 30 ते 45 अंश तिरपे. काटकोनात पाणी तुंबून गाळ साचतो. दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत गाडावा, खालचं टोक वाटेबाहेर मोकळं सोडावं. हे तोंड बुजलं की पाणी बांधावरून उसळून खालची माती उकरतं, म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावड्यानं साफ करावंच.

कडेची घाणेरी (लँटाना, बाहेरून आलेलं पसरणारं झुडूप) वरून छाटली तर आणखी दाट फुटते. जमिनीखाली 3-5 सेंटिमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटं ठेवावं, आणि पुढची 2-3 वर्षं रोपटी उपटत राहावं.

घाणेरी काढून मोकळ्या झालेल्या जागी पळस, धावडा, खैर अशी इथलीच झाडं लावावीत. पळसाचं ताजं बी जूनमध्ये थेट मातीत पेरावं. रोप पिशवीत वाढवलं तर सोटमूळ वेटोळं होतं. गुलमोहर मादागास्करचा, तो इथे नको.