डबल हेडरचा दिवस कसा आखावा

लागोपाठ दोन सामने म्हणजे डबल हेडर, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपला डबल हेडर कोणत्या जातीचा, ते आधी ठरवा. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तेच दोन संघ एका दिवसात दोनदा भिडतात. आयपीएलमध्ये दुपारचा सामना वेगळ्या संघांचा, रात्रीचा वेगळ्या, आणि बहुतेकदा शहरंही वेगळी. ३ एप्रिल २०१६ ला ईडन गार्डन्सवर टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या महिला आणि पुरुष, दोन्ही अंतिम लढती पाठोपाठ झाल्या. दोन्ही वेस्ट इंडिजनं जिंकल्या. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या टेनिस बॉल स्पर्धांत शेवटच्या दिवशी दोन्ही उपांत्य आणि लगेच अंतिम असतो. म्हणजे जिंकणारा संघ एकाच दिवशी दोनदा मैदानात.

मैदान, पंच, स्कोअरर नेहमीसारखेच.

खरी गोची मधल्या वेळेची. मला हीच पायरी सर्वांत जड गेली. पत्रकावर ‘पहिला सामना संपताच दुसरा’ असं कधीही छापू नका. आठ षटकांचा डाव कागदावर अर्ध्या तासाचा, पण बॉल गटारात जातो, रनआउटवर हुज्जत होते, कॅप्टन फिल्डिंग लावत बसतो. सामन्याला दीड तास धरा. दिवे नसतील तर वेळ संध्याकाळकडून मागे मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अंतिम पावणेचारला सुरू झालाच पाहिजे. दुसरा उपांत्य दीडला, पहिला साडेअकराला.

आता विश्रांती. दुसरा उपांत्य जिंकलेल्यांना पाऊण तासाच्या आत उतरवू नका. पहिल्या सामन्यातले तोवर जेवून, पाय मोकळे करून ताजेतवाने असतात; यांच्या बॉलरचा खांदा अजून गरमच असतो. हा सरळ अन्याय आहे. मधली वेळ भरायला तिसऱ्या क्रमांकाची लढत घालावी, असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, नुकतेच हरलेलेही तेवढेच दमलेले असतात. गावातल्या शाळेच्या मुलींचा चार षटकांचा सामना ठेवा, प्रेक्षकही हलत नाहीत.

दिव्यांखाली खेळणार असाल तर दवासाठी कोरडे टॉवेल आणि जादा बॉल हवेतच.

वेळा मराठी आणि कन्नड दोन्हींत पुकारा. पाहुण्यांचे सत्कार मात्र अंतिम सामन्यानंतरच, नारळ-शाल घेऊन कोणीही पिचजवळ आलं तरी.