कर्जाची बेरीज करायची हिंमत होत नसेल तर सुरुवात अशी करा

बँकेचा मेसेज आला की न वाचता सरकवायचा, अनोळखी नंबर उचलायचा नाही आणि कोणी विचारलं तर "चाललंय की सगळं"... हे मी जवळजवळ दीड वर्ष केलं. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण आणि मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले. हप्त्यांच्या तारखा तोंडपाठ, पण सगळं मिळून किती ते एकदाही मांडलं नाही, कारण मांडलं की घरी सांगावं लागणार. माझ्या मते माणूस आकड्याला घाबरतच नाही, तो कळल्यावर कोणाच्या तोंडाकडे बघावं लागेल त्याला घाबरतो.

म्हणून बघायचा दिवस आणि ठरवायचा दिवस वेगळा ठेवा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आज फक्त लिहायचं. गावची जमीन विकायची का, कोणाकडे मागायचं, हे काहीही आज नाही.

साधी वही घ्या, चार रकाने आखा: कोणाचे, आज बाकी किती, व्याज किती, मुदत कधी. कार्डाच्या ॲपमध्ये मिनिमम ड्यू (या महिन्यात किमान भरायची रक्कम) बघून थांबू नका, टोटल आउटस्टँडिंग (एकूण बाकी) बघा, कारण ईएमआयवर टाकलेल्या खरेदीचे पुढचे हप्ते बिलाच्या रकमेत दिसत नाहीत. आणि मिनिमम भरतोय म्हणजे फेडतोय असं वाटत असेल तर हा हिशोब करा. समजा बाकी 1 लाख, व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 3500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630, तुम्ही भरले 5000, तर मुद्दल उतरलं फक्त 870. वर पूर्ण बिल भरत नाही तोवर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मी हे स्वतः कागदावर केलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

एखादं जुनं लोन विसरलं असेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो आणि आपला आपण बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. पण हातउसने आणि भिशी तिथे येत नाही, ते मनातूनच काढावं लागतं, माझा पेन सगळ्यात जास्त वेळ मेव्हण्याच्या नावापाशी अडला होता.

फोन उचलायचीही भीती वाटत असेल तर एवढं माहीत असू द्या, की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

मला वाटत होतं चारेक लाख असतील, निघाले 6 लाख 85 हजार. वही मिटून तसाच झोपलो, काही ठरवलं नाही.

घरच्यांना सांगताना शब्द फुटत नसतील तर वहीच हातात द्या. मी दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी तेच केलं. बायकोने हात पुसले, वही उभ्यानेच वाचली, बेरजेवर बोट ठेवलं, मग नजर वरच्या ओळींकडे नेली आणि विचारलं, "पाटल्यांची मुदत कधी संपते?" तो एकच रकाना मी रिकामा ठेवला होता. पावती शोधली तर नऊ दिवस उरले होते.