जुनं चिनी लॅकर: पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी या चुका टाळा

मुंबईतल्या जुन्या पारशी घरांत काळी-लाल चिनी पेटी किंवा घडीचा पडदा अजून दिसतो. चीनच्या कँटन बंदराशी चालणाऱ्या व्यापारातून हा माल इकडे आला. अशा वस्तूंचं वाटोळं हयगयीपेक्षा हौसेनं जास्त होतं, आणि त्या हौसेत पहिला नंबर पॉलिशचा.

आपला पॉलिशवाला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर घासतो. सागवानी कपाटाला ते शोभतं. पण लाख किड्याची, आणि चिनी लॅकर म्हणजे झाडाचा चीक. तो उन्हात वाळत नाही. दमट हवेत हळूहळू कडक होतो. म्हणून एक पातळ हात द्यायचा, तो कडक होऊ द्यायचा, मग दुसरा. कोरीव लाल कामात असे थर शंभराच्याही वर जातात. त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला की आधी सोनेरी रेघा पुसल्या जातात: ड्रॅगनची मिशी, शेवंतीच्या पाकळ्यांच्या कडा. वर बसलेली लाख पुढे पिवळट होते, आणि ती काढायची तर पुन्हा स्पिरिटच लागतं. मेण, लिंबाचं तेल, चमक आणणारे स्प्रे यांचंही तेच. नकोतच.

‘मग ओल्या फडक्यानं पुसू?’ तेही नको. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या लॅकरवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडलेल्या असतात. तिथे पाणी लागलं की पांढुरका डाग उठतो आणि तो जात नाही. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झटकावी. शिंपल्याचं जडावकाम असेल तिथे फडकं फिरवूच नये. धागा अडकला की शिंपल्याचा तुकडा उचकटून येतो.

हे सगळं उजेडामुळे सुरू होतं, तरी लोक अशी वस्तू हमखास खिडकीशी ठेवतात, छान दिसते म्हणून. संग्रहालयांत लॅकरवरचा उजेड साधारण 50 लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) राखतात. आपल्या खिडकीत दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. काळं लॅकर तपकिरी पडलं की परत काळं होत नाही.

पावसाळ्याचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. नुसत्या दमटपणापेक्षा चढउतार वाईट. रात्री एसी, दिवसा बंद: आतलं लाकूड आकसतं-फुगतं, वरचा कडक थर तेवढा हलत नाही, आणि सांध्यापाशी पोपडा सुटतो. एसीच्या झोतासमोर तर मुळीच ठेवू नका.

सुटलेला पोपडा फेव्हिक्विकनं चिकटवू नये. कागदी पाकिटात ठेवा, तो कुठून पडला तो कोपरा वर लिहा, फोटो काढा आणि जतनतज्ज्ञाची वाट पाहा. कच्चं लॅकर मागवून घरी हात मारायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: हे झाड बिब्याच्या कुळातलं. बिबा उततो म्हणजे कातडीवर कसे फोड येतात, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको; कच्चं लॅकरही तसंच उततं. पूर्ण कडक झालेल्या जुन्या वस्तूला हात लावायला मात्र ती भीती नाही.

विकत घेताना लोक दोन गोष्टींना भुलतात. एक, ड्रॅगनची नखं. पाच नखं म्हणजे बादशाही माल, असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो. खरोखरच्या बादशाही वस्तूंचं काय होतं बघा: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चीनच्या मिंग घराण्यातल्या श्वान्द बादशहाच्या काळातलं (1426–1435) कोरीव लाल टेबल आहे. त्यावरच्या ड्रॅगनांचं पाचवं नख कुणीतरी नंतर खरवडून काढलं आहे, म्हणजे नखं मोजून काही ठरत नाही. दुसरी, तळाची मुद्रा, म्हणजे वस्तू कोणत्या बादशहाच्या काळातली ते सांगणारी अक्षरं. श्वान्दच्या आधीच्या योंगलं बादशहाच्या काळातली (1403–1424) मुद्रा सुईनं ओरखडल्यासारखी बारीक असते. त्यावरच पुढे श्वान्दची मुद्रा कोरून सोनं भरलेल्या वस्तू आहेत, म्हणजे खऱ्या मालावरही मुद्रा बदललेली सापडते. नुसत्या मुद्रेवर पैसे मोजू नका.

त्यापेक्षा भिंग घेऊन कोरीवकामाच्या खोल भागात बघा. सुरीनं कोरलेली कड धारदार असते आणि कापलेल्या बाजूवर थरांच्या बारीक रेघा दिसतात. साच्यात ओतलेल्या रेझिनच्या नकलेत कडा गोलसर, मध्येच हवेचा बुडबुडा आणि कुठेतरी साच्याची शिवण.