इलेक्ट्रिक एसयूव्ही घरी आणलीत? चार्जिंगच्या या चुका टाळा

रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी आकडा होता तिथेच, की पहिला फोन जातो सर्व्हिस सेंटरला. खरं तर तो वायरमनला जायला हवा. गाडीसोबत मिळणारा चार्जर सहसा आधी अर्थिंग तपासतो. ते नीट नसेल तर दिवा लाल करून गप्प बसतो. मग कुणीतरी अर्थ आणि न्यूट्रल जोडून चार्जरला ‘गंडवायचा’ जुगाड सुचवतं. हे अजिबात करू नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो, आणि त्या पत्र्याला मुलंही हात लावतात.

दुसरी चूक जुन्या सॉकेटवर भरवसा ठेवण्याची. गीझर थोडा वेळ चालून बंद होतो. गाडी मात्र १६ अँपिअरच्या सॉकेटमधून रात्रभर वीज ओढते. साठ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ३६ युनिट लागतात, ३.३ किलोवॉटने त्याला अकरा-बारा तास सहज जातात. अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. मीटरपासून वेगळी लाइन ओढून स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. इथे पैसे वाचवण्यात शहाणपणा नाही.

‘रोज ८० टक्क्यांवर थांबा’ हा सल्ला सरसकट पाळू नका. एनएमसी आणि एलएफपी हे गाडीच्या लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. एनएमसी बॅटरीसाठी तो बरोबर आहे. एलएफपीचं व्होल्टेज मात्र मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरले याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. म्हणून बहुतेक कंपन्या ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. आपली बॅटरी कोणती, ते मॅन्युअलमध्ये बघा.

लांबच्या प्रवासात फास्ट चार्जरवर १०० टक्क्यांसाठी ताटकळत बसू नका. ८० नंतर वेग इतका पडतो, की तेवढ्या वेळात पुढचा चार्जर गाठता येतो. चार्जरवरचा मोठा आकडाही फसवा असतो: गाडीची मर्यादा कमी असेल किंवा शेजारच्या गनवर (गाडीला लावायच्या प्लगवर) दुसरी गाडी लागली असेल, तर तेवढा वेग मिळत नाही. टपावर कॅरियर लावून सुसाट निघालात तर रेंज घटणारच, त्यात बॅटरीचा दोष नाही.

मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडली, तर संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्या. ती बसली की रिमोटने दारंही उघडत नाहीत, म्हणून रिमोटमधली लोखंडी चावी कशी निघते ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

गन अडकली तर हिसका देऊ नका. आधी चार्जिंग थांबवा आणि गाडी अनलॉक करा. तरीही सुटली नाही, तर ती सोडवण्याची दोरी शोधावी लागते. बऱ्याच गाड्यांत ती डिकीतल्या एका झाकणामागे असते, म्हणजे नेमकी बॅगांच्या मागे. सामान भरायच्या आधीच ती जागा बघून घ्या.