एमएसटीचे आकडे जुळेनात तेव्हा

ड्रम तोच, हाय-अमोनिया लॅटेक्स (जास्त अमोनिया घालून टिकवलेला रबराचा चीक) तेच, पण एमएसटी, म्हणजे यंत्रात वेगाने घुसळल्यावर लॅटेक्सच्या गुठळ्या व्हायला लागणारा वेळ, सकाळी ७०० सेकंदांच्या वर नि दुपारी ६५०च्याही खाली. आधी संशय यंत्रावर. फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला, मिनिटाला १४,००० फेरे व्यवस्थित. तापमान ३५ अंश, तेही ठीक. मग लॅटेक्स पातळ करायला वापरायचं १.६ टक्क्यांचं अमोनिया द्रावण टायट्रेट करून त्यातला अमोनिया मोजला, तर भलतंच कमजोर! बाटलीचं बूच सैल, वर पंखा. (वास मात्र येतच होता, त्यावर कोण विसंबणार?) ताजं द्रावण, घट्ट बूच, लॅटेक्समधले घनपदार्थ ५५ टक्के आहेत ना ते तपासून परत लावलं. आकडे जुळले.

शेवटचा क्षण ओळखायला काचकांडी लॅटेक्समध्ये बुडवून तळहातावर हलकेच ओढतो. पातळ थरात बारीक कण्या दिसल्या की घड्याळ बंद. उजेड चांगला हवा, नाहीतर दोघांचे आकडे दोन.